तिसऱ्यांदा गो-लाइव्ह

वेर्ण्याच्या पठारावर, गोदाम क्रमांक दोन.
दोनदा पडलेल्या प्रकल्पाचा मी तिसरा प्रमुख.
आधीच्या दोघांचे चहाचे मग
अजून कपाटात आहेत.

सल्लागार म्हणाले, बदलाला विरोध.
सर्व्हरवाले म्हणाले, सर्व्हर ठीक होता.
रिपोर्टात शेवटच्या शुक्रवारपर्यंत
सगळं हिरवं.

कायतान रिबेलोला कोणी विचारलंच नव्हतं.
"पळय," तो म्हणाला, "बावीस रकाने.
आणि दारात ट्रक हॉर्न मारतोय.
हातमोजे काढू, की माल उतरवू?"

तो सगळीकडे शून्य भरायचा.
शून्य चालायचं.
खरा साठा त्याच्या वहीत,
तेलकट, रबर लावलेली.
चार रकाने.

मग तीन आठवडे मी नुसतं खोडलं.
प्रत्येक रकान्याला कुठूनतरी एक मालक निघाला,
प्रत्येक मालकामागे एक मीटिंग.
एकासाठी थेट मुंबईहून फोन आला.
तो ठेवावा लागला.

आज सोमवार. पाच रकाने.
कायतान हातमोज्यासकट बटण दाबतो,
ट्रक जातो.

वही अजून आहे त्याच्या खिशात.
मी काही बोलत नाही.
ज्या दिवशी तो ती घरी विसरेल
त्या दिवशी भरीन
रिपोर्टात हिरवा.