कार्ड नंबर तीनशे बारा

रुवीच्या गोदामात बेअरिंग आणि गॅस्केटची जी कार्डं रद्द व्हायची
त्यांच्या कोऱ्या पाठी मी कोड्यांना दिल्या.
वर नंबर. त्याखाली कोणी सांगितलं, कुठे, कोणती तारीख.
शिल्लकच्या रकान्यात सुटलं नसेल तर फुली.
उत्तरं निराळी, बिस्किटांच्या निळ्या डब्यात,
झाकण असं घट्ट की चमच्याशिवाय निघू नये.

होडीचं कोडं चारदा आलं.
वर्गीसने वाघ, गाय आणि गवताची पेंडी आणली,
टेकबहादूरने बिबट्या, बोकड, मका.
फुफूच्या पत्रात कोल्हा होता, कोंबडी होती
आणि भात; खाली तिचा शेरा, "हुमाण सोपं आहे, लाजू नको."
इद्रिसचं तरस सगळ्यांत भुकेलं.
उत्तर चौघांचं एकच:
पलीकडे पोचवलेल्याला एकदा परत आणावं लागतं.
मग कार्ड एक की चार?
आणि लावायचं कुठे, नदीखाली की जनावरांखाली?
महिना गेला.
शेवटी खल्फान, आमचा सुपरवायझर, चहा ढवळत म्हणाला,
वादीला पाणी येतं वर्षातून एकदा, फार तर दोनदा.
शहाणा माणूस तेव्हा होडी शोधत नाही,
गाडीतून उतरतो आणि बसतो.
ते मी पाचवं कार्ड केलं. उत्तर: बसणे.

हैदराबादी शिंप्याने ताईत उसवून दाखवला,
नऊ घरं, उभी-आडवी-तिरपी बेरीज पंधरा.
अडलेल्या बाईच्या कमरेला बांधतात, म्हणाला.
चौरसांत लावला,
औषधं म्हणून एक नवा कप्पा उघडला,
त्यात लिहिलं: चौरस पाहा.
(त्या कप्प्यात पुढे दुसरं काही आलं नाही.)

तीनशे बारा इद्रिसचं.
कंपनीच्या बसमध्ये, वादी कबीरच्या चढावर,
एसी बंद, खिडकीला घामेजलेली कपाळं:
तीन भाऊ, एक विहीर.
मधल्याने धाकट्यापेक्षा सात डोल जास्त ओढले,
थोरल्याने मधल्याच्या दुप्पट.
तर कुणी किती?
स्टॉप आला. "बाकीचं उद्या," म्हणाला इद्रिस.
उद्या त्याची गादी गुंडाळून भिंतीला उभी होती.
पोर्ट सुदान, म्हणाले. कुणी म्हणालं आई. कुणी म्हणालं व्हिसा.

मी ते कार्ड किती वेळा काढलं!
धाकट्याचा एक, तर आठ, तर सोळा.
धाकट्याचे दोन, तर नऊ, तर अठरा.
सगळं बसतं.
तीच तर पंचाईत, सगळंच बसतं.
एक अट त्याच्या तोंडात राहिली
आणि इकडे उत्तरांना मोजदाद नाही.
अकरा वर्षं फुली तशीच.

आता माझाही हिशेब झाला.
तीस किलो सामान, त्यात सुटीचं दूध पावडर, दोन ब्लँकेटं,
भाचीच्या लग्नाचं अत्तर.
खोके दोन, साडेसतरा किलो भरले
गोदामाच्याच काट्यावर.
खेडचा सुफियान म्हणाला, चाचा, मी सांभाळतो.
पोरगा चांगला आहे. नटबोल्टची गफलत करत नाही.
त्याला कप्पे समजावले, पाहा-लिहिलेलं कसं पाहायचं ते,
निळा डबाही दिला, आणि चमचा.

रात्री बॅगेला दोरी बांधताना तीनशे बारा हातात राहिलं.
घरी विहिरीवर आता मोटर आहे,
पण छत्तीस वर्षं हनीफ आणि दाऊद यांनीच रहाट ओढला,
अम्मीच्या वुजूचं पाणी, म्हशीचं, माझ्या पैशांनी लावलेल्या कलमांचं.
आजवर मी एकापासूनच सुरुवात करत होतो.
खालून का नाही केली?

धाकट्याचे शून्य.
तर मधल्याचे सात. थोरल्याचे चौदा.

बसतं.

पेन्सिलने लिहिलं. फुली खोडली नाही.
कार्ड पासपोर्टात ठेवलं,
फोटोच्या पानाशी.