एकतीस नंबरचा कोट

दुकान चिंचपोकळीच्या पुलाजवळ,
पाटी सासऱ्यांच्या हातची:
'थंडीचे कपडे भाड्याने मिळतील. अनामत आवश्यक.'
मी बर्फ पाहिला तो कोळणींच्या पाटीतला,
कोळंबीच्या अंगावर चुरलेला.
बाकी सगळा हिवाळा माझ्याकडे परत येतो
खिशांतून.

अक्रोडाचं अर्धं कवच.
गुलमर्गच्या घोडेवाल्याची चिठ्ठी.
एकदा कुणाची तरी कवळी,
ती न्यायला अजून कोणी आलेलं नाही.

कोट मी उलटे करते, झटकते,
गॅलरीत उन्हाला टांगते,
डोकी नसलेली बावीस माणसं ओळीने.
खालून कोणीतरी ओरडतंच,
"वहिनी, मोर्चा कुठे निघालाय?"

एकतीस नंबर नेला होता प्रसन्न तिरोडकरने,
टॉवरच्या कामाला, द्रासला,
तीन महिन्यांच्या बोलीवर.
आला सव्वा वर्षाने.
डाव्या बाहीला तळहाताएवढा जळका डाग.
"झोपेत बुखारीला टेकलो. कापा अनामत."
मग स्टुलावर बसून
पंख्याखाली घाम पुसत सांगत राहिला:
पाण्याचा कॅन पोटाशी घेऊन झोपायचं,
नाहीतर सकाळी दगड.
डिझेल थिजतं,
ट्रकच्या टाकीखाली जाळ करायचा, जीव मुठीत धरून.
घरमालकीण मुळे-बटाटे जमिनीत पुरून ठेवी
आणि बर्फात जागा सापडावी म्हणून
वर काठी, काठीवर जुना बूट.
"आणि मुंबईची आठवण?"
"घामाची यायची," म्हणाला.

अनामत कापली नाही.
इस्त्रीच्या टेबलावरच्या घोंगडीचा तुकडा काढून
बाहीला ठिगळ लावलं.

त्या आठवड्यात मुंबईत पंधरा अंश,
पेपरात पहिल्या पानावर.
आमच्या चाळीत माकडटोप्या निघाल्या,
तिळाचं तेल, खोकल्याचे काढे,
जो तो दुसऱ्याला सांगतोय, काय गारठा पडलाय.
निफाडहून मावशीचा फोन:
रात्रभर द्राक्षबागेत शेकोट्या पेटवल्यात,
धुराने डोळे चुरचुरतात,
पण घडांवर पांघरूण तर धुराचंच.

एटीएमचा रखवालदार सीताशरण, दरभंग्याकडचा,
आम्हाला हसायचा.
शर्टाच्या आत वर्तमानपत्र घालून बसतो तो,
चालला की वाजतो.
त्या रात्री हसला नाही.
गावी आठ दिवस सूर्य नाही, म्हणाला.
खाली पेंढा, वर गोधडी, गोधडीवर पुन्हा पेंढा,
मध्ये आई.
शेजारचे काका घुराजवळ बसल्या बसल्या गेले
(घूर म्हणजे त्यांची शेकोटी),
हात तसेच पुढे धरलेले.
जरा वेळ गप्प.
मग विचारलं,
"पार्सलला किती पडतात, भाभी?"

भंगारवाल्याच्या काट्यावर कोट टाकला:
चार किलो नऊशे.
वहीत लिहिलं, नंबर ३१. नाव रामसखी देवी.
अनामत नाही.
परत येण्याची तारीख...
इथे पेन अडलं.
सासऱ्यांनी शिकवलेलं, हा रकाना रिकामा सोडायचा नाही.
सोडला.

अकराव्या दिवशी सीताशरण फोन पुढे धरून दुकानात.
फोनमध्ये त्याची आई,
मला न कळणाऱ्या भाषेत रागावलेली.
"काय म्हणतायत?"
"म्हणते, एवढा जड कोट माणूस घालतं का?
खांदे मोडले."
"मग?"
तो टाइल्सकडे बघत राहिला.
"म्हशीला घातलाय.
पुढचे पाय बाह्यांत, बटणं पाठीवर.
आणि म्हशीला टेकून झोपते.
आता ऊब येते म्हणे."

तो गेल्यावर वही उघडली.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
माप बरोबर.