खंड

एम.एस्सी. संगणकशास्त्र, माहितीपत्रक, पान चार:
पदवीला किमान पन्नास टक्के.
माझे पन्नास पूर्णांक सत्तावीस.
त्या सत्तावीस शतांशांवर हात ठेवून झोपले रात्रभर,
रातराणी एस.टी.त पाकिटावर ठेवून झोपतात तशी.

बारावीला गणित हवं. आहे.
पदवीला संगणक नसेल तर दोन पूरक विषय आधी सोडवायचे,
त्यांचे क्रेडिट मिळणार नाहीत.
म्हणजे काम करायचं आणि हजेरीपटावर नाव नाही.
ते मला जमतं.

चार सत्रं, अठ्ठ्याऐंशी क्रेडिट, शेवटी प्रकल्प,
त्यावर मार्गदर्शकाची सही,
चार वर्षांत न झालं तर नोंदणी रद्द.
हे सगळं वाचलं तासगावात, कोल्ड स्टोअरेजच्या दारात,
आत चार अंश, बाहेर चाळीस,
अंगात स्वेटर, चपलेला बेदाणा चिकटलेला.

आणि पान नऊ:
शिक्षणात खंड असल्यास प्रतिज्ञापत्र.

सांगलीत राजवाडा चौकात बाबर टायपिंगवाला
काही न विचारता बडवायला लागला:
मी, पद्मजा बाळगोंडा मगदूम, वय वर्षे एकतीस,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की
सदर नऊ वर्षांत मी कोणत्याही संस्थेत
शिक्षण घेतलेले नाही.

"थांबा," म्हटलं.
"का? आडनाव चुकलं?"

काय सांगणार त्याला.
कुठल्या संस्थेत मोडतात दस्तगीरचाचा,
तोलाईदार, शाळा तिसरीपर्यंत?
गोदामाच्या भिंतीला ओळीनं खिळे.
व्यापाऱ्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर, तो त्याचा खिळा,
सौद्याची चिठ्ठी आली की दिली भोसकून.
'क'च्या खिळ्यावर कायम गर्दी,
कोरे, कबाडे, कोष्टी, कांबळे,
मग एकीखालची एक उचलत जायचं,
दुसरी, तिसरी, ही घ्या.
सव्वाचारशे लॉट,
आणि चाचांनी अख्खी भिंत कधी शोधली नाही.
मी एक्सेलमध्ये वरून खाली, वरून खाली.
"पोरी, सगळीकडं कशाला बघतीस?
जिथं असाय पाहिजे तिथं बघ की."

प्रवेश परीक्षेत त्रेचाळिसावा प्रश्न आला:
दोन नोंदी एकाच जागी येऊन आदळल्या, तर?
मला गंजलेला खिळा दिसला
आणि गूळचट, आंबूस वास.
पर्याय तिसरा. अर्ध्या मिनिटात.
त्यामुळं पुढच्या दोन प्रश्नांना भरपूर वेळ उरला.
ते मात्र आले नाहीत.

खंड म्हणजे तुटलेली जागा, हे मान्य.
पण आमच्या बस्तीतल्या कपाटात
लाल फडक्यात बांधलेले ग्रंथ आहेत,
त्यांच्याही पाठीवर लिहिलंय: खंड पहिला, खंड दुसरा.
तिसरा कुणीतरी वाचायला नेला तो आलाच नाही.

"मॅडम, कागदात बसतं तेवढंच लिहायचं असतं,"
बाबर म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.
सही केली.
खोटं नव्हतं त्यात काही.
नोटरीनं मान वर न करता शिक्का उठवला.

विश्रामबाग. खिडकी क्रमांक तीन. हुक्केरी मॅडम.
मार्कशीटं मूळ, स्थलांतर दाखला, फोटो पाच,
त्यातला एक परत, कान दिसत नाहीत म्हणून.
शेवटच्या रकान्यावर त्यांनी पेनाचं टोक ठेवलं:
खंडाचे कारण.
जागा बोटाच्या दोन पेरांएवढी.
"घरगुती लिहा. सगळ्या तेच लिहितात."

लिहिलं: बेदाणा.

मॅडमनी चष्मा वर सरकवला.
एकदा कागदाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं,
मग पुन्हा कागदाकडं.
"तासगावचा?"
"हो."
"हिरवा यंदा काय भावानं गेला हो?"
सांगितला.
"बघा आता," म्हणाल्या, आणि पिन मारली.
"झेरॉक्स दोन लागतात. तुम्ही एकच आणलीय."