सात ओळी

पान एकशे बारा, उजवा रकाना.
"दया कर", आणि लगेच पुन्हा "दया कर".
मधल्या सात ओळी गळाल्या आहेत.
अब्बा झेराबृक यांची नजर
पहिल्या दयेवरून उठली
ती दुसऱ्या दयेवर जाऊन बसली,
टाना सरोवरावरच्या पाणकोळ्यासारखी,
मधलं पाणी न शिवता.

बेटावरचे भिक्षू सैतानाला बोल लावतात.
कुणी म्हणतं, शाईत माशी पडली असेल.

मी होतो तिथे. नऊ वर्षांचा.
दारातूनच ओरडलो,
"अब्बा, होडी आली! होडीत वर्कनेश आहे
आणि ती उठतच नाहीये."

त्यांनी बोरू टाकला.
शिंगातली शाई झाकायचीही राहिली.
आठ दिवसांचा ताप होता बहिणीला,
आईने लव्हाळ्याच्या होडीतून आणलं होतं
मठाचं पाणी पाजायला.
पाजलं.
तिला पुरून अब्बा परतले तेव्हा
उजेड थोडाच उरला होता.
कातडं मांडीवर घेतलं.
शाईवर साय आलेली.
कुठे होतो आपण?
दयेपाशी.
कुठल्या, ते कुणाला विचारणार?

आज ती पोथी माझ्या मांडीवर आहे,
शेजारी तिची मूळ प्रत,
कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण ओळी सातही शाबूत.
वाचल्या मी.
शेळ्यांसाठी प्रार्थना, वाटसरूंसाठी,
उशिरा पडणाऱ्या पावसासाठी.
लेकरांसाठी काही नाही.
मी उगाच दोनदा शोधलं.

दुरुस्ती तशी सोपी असते:
गळालं तिथे बारीक फुली,
वरच्या समासात राहिलेला मजकूर.
इतरांच्या पोथ्यांत शंभरदा केली आहे,
काना-मात्रेसाठी पोरांचे कान पिळलेत.
अब्बांच्या समासात मात्र हात धजेना.
माझ्या प्रतीत सातही ओळी लिहीन,
पुस्तक काही माझ्या घरचं नाही.
त्यांची पोथी आहे तशीच राहू दे.
शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलंच आहे,
चूकभूल द्यावी घ्यावी.

पाचवी ओळ चालू होती.
दारात तेक्ले, माझा धाकटा शिष्य,
धापा टाकत, चिखलाच्या पायांनी,
काहीतरी सांगायला तोंड उघडून उभा.

ओळीवर बोट ठेवायचं असतं आधी.
मीच शिकवतो हे सगळ्यांना.

मी वर पाहिलं.