सुनावणी

रेतीबंदरला आमचं घर, खाडीकडे तोंड करून.
घरात सगळेच मोठ्यानं बोलतो.
नवीन शेजारीण म्हणते, रोज भांडण.

बापाचा उजवा कान सत्त्याऐंशीत गेला.
डावा हळूहळू,
गाळात बांबू रुतत जातो तसा.

डुबी काय असते ते सांगते.
होडीतून तळापर्यंत बांबू रोवायचा,
एका हाताने तो धरून खाली जायचं,
दुसऱ्या हातात लोखंडी बादली.
तळाशी काळोख. चाचपडत रेती भरायची,
दोरीला हिसका, की वर.
पंचवीस-तीस हात पाणी, दिवसाला शंभरावर बुड्या.
पैसे ब्रासवर.
श्वासावर नाहीत.

लडकूकाकाने एकदा हिसकाच दिला नाही.
वरच्यांनी बादली ओढली, ती रिकामी आली.
संध्याकाळी मुकादमाने
त्याच्या आधीच्या बादल्या हिशेबात धरल्या.
माणूस प्रामाणिक होता.

मग संघटना. पावतीपुस्तकं.
कानाची तपासणी, विमा, ब्रासमागे बारा रुपये.
एकवीस दिवस होड्या बांधलेल्या,
बाविसाव्या रात्री पलीकडच्या काठाला
सक्शन पंप लागला.
बापाने उंबऱ्यावर तळवा टेकवला
आणि म्हणाला, "चालू झाला."

पुढे उपसाच बंद, असा आदेश.
खाडी वाचली पाहिजे, हे मीही म्हणते.
पंप काही वर्षं रात्रीचे चालले.
डुबीवाल्याला रात्र काय, दिवस काय.

अर्ज केला : खाणकामगार, बहिरेपणाची भरपाई.
उत्तर आलं : खाण कुठे आहे?
रेती हे गौण खनिज.
घोडबंदर रोडला चोवीस मजले उभे आहेत,
त्यात गौण किती,
खालून मोजायला गेले तर मान दुखते.

काल सुनावणी होती.
मी आधारची झेरॉक्स काढायला खाली उतरले.
शिपायाने दारातून तीनदा पुकारलं :
हिराजी धर्मा मढवी.
बाप समोरच्याच बाकावर,
मांडीवर फाइल, ताठ बसलेला.

पुकारूनही अर्जदार गैरहजर,
शेरा लिहून झाला होता.

मी ओरडले. बाबूंवर, साहेबांवर,
मग सवयीने बापावर,
काय झालं ते समजवायला.
अख्खा मजला वळून पाहू लागला.

त्याने माझं मनगट धरलं.
"हलू बोल गो," म्हणाला,
"लोका बघतान."