गेट दोन

मानवतच्या जिनिंगचं भंगार निघालं तेव्हा
लोकांनी पत्रे नेले, बेल्ट नेले, वजनकाटा नेला.
मी साडेतीनशे मोजून
मला नऊ वर्षं बघत बसलेला कॅमेरा आणला.

कुशावर्ता म्हणली, "ह्याचं काय लोणचं घालायचंय?
चोरून न्यायला आपल्या घरात आहेच काय?"
मी म्हणलो, शेळी आहे.
"शेळी आपली आपण ओरडती."

टोपीखाली कुंभारणीनं मातीचं घर बांधलेलं.
स्क्रूड्रायव्हरनं उकरलं,
आत वाळलेल्या तीन अळ्या,
भिंगावर रुईची लव, चिकटून पिवळी पडलेली.
सदऱ्याच्या टोकानं पुसली.
एवढ्या जवळून त्याच्या डोळ्यात पहिल्यांदाच बघितलं:
माझं तोंड, मुगाएवढं.

वायर भंगारवाल्यानं कटरनं तोडलेली.
दोन तारा पावरच्या. एक लाल, एक काळी
असणार. पण उन्हाळे नऊ, आणि तेही मानवतचे.
एक फिकी झालेली, दुसरीही फिकी.
तौसिफ आला, आयटीआयचा, खिशात मीटर.
"चाचा, उलटं लागलं तर एकदाच धूर निघंल,
मग निवांत."
वरचं काळं कातडं बोटभर सोललं
तर आत
लाल अजून लाल होतं.

जुना अ‍ॅडाप्टर, बारा व्होल्ट, अर्धा अँपिअर.
पिवळी पिन टीव्हीच्या पाठीत ढकलली,
टीव्हीला एक चापट,
आणि आमचं अंगण आलं:
शेळी, न्हाणीचा पत्रा, सायकलचं अर्धं चाक
आणि कोपऱ्यात इंग्रजीत, गेट दोन.

नाव खोडायचं बटण तुटलेल्या वायरीसोबत गेलं.
राहू दे म्हणलं.
आमच्या घराला पहिलं गेट तरी कुठंय.

दिवसभर नीट चाललं.
दिवेलागणीला त्याच्या पोटात टक्क वाजलं.
हा आवाज मला पाठ.
ह्या टक्कवर मी स्वेटर घालायचो,
रजिस्टरला नवं पान, गळ्यात शिट्टी.
एकदा तीन वाजून दहा मिनिटांनी मान पडली
तर मालकाच्या पोरानं सकाळी फोटो दाखवून
दोन दिवसांचा पगार कापला.
फोटोत बरा दिसत होतो. झोपेत माणूस बरा दिसतो.

टक्क, आणि चित्र गेलं.
परत आलं. टक्क. परत गेलं.
तौसिफ म्हणला, "रात्रीचे दिवे लागले की जास्त खातंय.
वायर बारीक, त्यात लांब. वाटंतच जीव जायलाय त्याचा."
घरच्या वायफायचा मोठा अ‍ॅडाप्टर काढून आणला,
सकाळच्याला परत द्या म्हणला.

मग दिसलं. राखेसारखं, पण दिसलं.
शेळीचे डोळे पेटलेले.
कुशावर्ता अंगणात जाऊन उभी राहिली,
पदर सावरून, फोटोला राहतात तशी.
"दिसायले का मी?"
तिचं जांभळं इरकल पांढरंफटक.
आणि कपाळ मोकळं.
मी काचेवर बोट घासलं. नाही.
"अहो, दिसायले का?"

चप्पल सापडेना. अनवाणीच बाहेर आलो,
तिच्या तोंडावर बॅटरी मारली.
होतं. रुपयाएवढं, घामानं एका बाजूला पसरलेलं.
"डोळ्यात काय मारायलाव? कशी दिसले?"
मी म्हणलो, वायर जाड आणावी लागंल.

ती आत जाऊन झोपली.
मी पायरीवर बसलो. वर त्याचे बारीक लाल ठिपके.
तीनचा सुमार असंल,
पाठ आपोआप ताठ झाली.
थोडा वेळ तशीच राहिली.
मग भिंतीला टेकलो आणि मान टाकली, मुद्दाम,
त्याला नीट दिसंल अशी.
आत टीव्ही चालू होता.