पाठकोरे

सिव्हिलच्या समोर, दोन मेडिकलांच्या मध्ये अडकलेलं
एका दाराच्या रुंदीचं झेरॉक्सचं दुकान.
आत पिंजारीभाऊ, एक मशीन,
आणि एक पंखा, जो मार्च संपत आला तरी
कागद उडतात म्हणून बंदच.

मी रांगेत पाचवी.
बारा पन्नास. खिडकी एकला बंद होते,
मग जेवण, मग साहेब राऊंडला,
मग "उद्या या".
उद्या म्हणजे अंबडला पॅकिंगवर अजून एक खाडा.
सुपरवायझर माणूस वाईट नाही,
पण खाड्यापुढे त्याचंही चालत नाही.
आणि आमचे हे द्राक्षांची गाडी घेऊन वाशीला,
फोन लागला तर घाटात,
नाही लागला तरी घाटातच.

पुढच्या पोराच्या हातात जाडजूड वही.
त्याने माझ्या पिशवीकडे पाहिलं, केसपेपरकडे पाहिलं,
"माझी साठ पानं आहेत, तुम्ही घ्या," म्हणाला
आणि लगेच मोबाइलमध्ये तोंड घातलं,
आभार मानायलासुद्धा जागा ठेवली नाही.

आधारकार्डावर तसंही कुणी स्वतःसारखं दिसत नाही.
पण पहिली प्रत निघाली
आणि झुंबराबाई रंगनाथ गांगुर्डे
पदराच्या आत नुसता काळा डाग.
"द्या तशीच," मी म्हटलं, "नंबर दिसतोय."
त्याने कागद उजेडाकडे धरला.
"नंबर दिसतोय. बाई दिसत नाही."

मग त्याने काच पुसली, शर्टाच्या बाहीने.
कसलंसं बटण दाबलं, दोनदा.
दुसरी प्रत. डाग.
मागून कुणीतरी जीभ चुकचुकली.
बारा पंचावन्न.
हिरवा उजेड पुन्हा एकदा कार्डाखालून सरकत गेला,
सोनोग्राफीच्या खोलीत दिसला होता तसा.
तिसरी. आता नाक आलं, डोळे नाहीत.
"आई का?" त्याने मान वर न करता विचारलं.
"हो," मी म्हटलं.

अकरा वर्षांत पहिल्यांदा.
तेही झेरॉक्सवाल्यापुढे.
जिने माझ्या पहिल्या पगाराच्या नोटा
माझ्यासमोर परत मोजल्या,
जी अजून तेलाच्या बरणीला
बोटभर कुठे आलं त्याची खूण करते,
तिला.

चौथ्या प्रतीत कपाळावरचं गोंदण उमटलं.
डावा डोळा, जरा बारीक,
कुणावरच पूर्ण भरवसा नसलेला.
"आता आल्या," तो म्हणाला.
त्याच्यावर अजून एक काढली. "ठेवा, वर कुणीतरी मागतंच."
पैसे दोनाचेच घेतले.
काळ्या तीन घडी करून पिशवीत टाकल्या:
"पाठकोऱ्या आहेत. घरी लेकरू असेल ना?"

मी पळाले. जिन्यात एक चप्पल निसटली,
ती झाडूवालीने पायानेच माझ्याकडे सरकवली.
खिडकीतली मॅडम डबा उघडून बसलेली,
झाकण पुन्हा लावून तिने कागद घेतले,
चेहऱ्याकडे ढुंकूनही न बघता शिक्का मारला.
शिक्का नेमका चेहऱ्यावर बसला.

काही म्हणाले नाही. काम झालं होतं.

आता त्या घरी आहेत, उत्तमनगरला.
टाके ओले आहेत म्हणून वाकायचं नाही,
म्हणून जास्तच हुकूम सोडतात.
ईश्वरी पलंगाला टेकून पाढे लिहीत होती,
पाठकोऱ्यावर.
त्यांनी कागद उचलला, उलटा केला.
"ही कोण गं?"
"तुम्ही," मी पोळी लाटता लाटता म्हटलं.
बराच वेळ लांब धरून, जवळ धरून पाहिलं.
"बरी दिसते की. एक सुरकुती नाही."

मग कागद पुन्हा पोरीपुढे टाकला.
शाळा कधी पाहिली नाही बाईने,
पण तीस वर्षं भाजीबाजारात तराजू धरला आहे.
"वाच," म्हणाल्या, "तेरा सत्ते?"
"ब्याण्णव."
"ब्याण्णव देऊन गिऱ्हाईक परत येईल का गं?
एक्क्याण्णव. खोड ते."